पोस्टमनला परत पाठवू नका: चेक बाउन्स झाल्यावर काय करायचं

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकातून आत वळलं की आमची प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पॅम्प्लेट, गणेश मंडळांच्या पावत्या, असं सगळं छापतो. १० डिसेंबर २०१८ ला मी कागदवाल्या शेठना १,८६,००० रुपयांचा चेक दिला. तो १३ तारखेला परत आला. ते प्रकरण मिटलं मार्च २०२२ मध्ये. मधली सव्वातीन वर्षं सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात गेली. आता ओळखीचं कोणी फसलं की संध्याकाळी प्रेसवर येतं आणि हळूच विचारतं, "भाऊ, तुमची पण झाली होती ना एकशे अडतीसची केस? काय करू सांगा." दर वेळी तेच तेच सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहून काढतो. मी वकील नाही. तुमचा वकील माझ्यापेक्षा वेगळं सांगेल तिथे त्याचं ऐका.

आधी माझा घोळ सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. एका कोचिंग क्लासची माहितीपुस्तकं आम्ही छापली होती, बिल २,२०,००० चं. क्लासच्या संचालकाने ५ डिसेंबरचा चेक दिला. मी तो बँकेत लावला आणि त्याच भरवशावर शेठना माझा चेक फाडून दिला. क्लासचा १२ तारखेला परत आला आणि दुसऱ्या दिवशी माझा. खात्यात तेव्हा बेचाळीस हजार होते. शेठचा फोन आला तर मी म्हटलं, "शेठ, पैसे येऊनच राहिले, आठ दिवस थांबा." हे तोंडी, आणि हेच मला फार महागात पडलं.

गुन्हा केव्हा होतो

बहुतेकांना वाटतं, चेक परत आला की गुन्हा झाला. तसं नाही. चेकचा कायदा १८८१ चा आहे, परक्राम्य संलेख अधिनियम. त्यात चेक न वटल्याबद्दलची शिक्षा मात्र १ एप्रिल १९८९ पासून आली, ती कलम १३८ ने. या कलमाची गाडी चार स्टेशनांवरून जाते. सगळी पार झाल्याशिवाय केस उभी राहत नाही.

चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत लागला पाहिजे. आधी ही मुदत सहा महिन्यांची होती, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाली. परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत चेक घेणाऱ्याने लेखी नोटीस पाठवली पाहिजे. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवस चेक देणाऱ्याला पैसे भरायला मिळतात. ते गेले की पुढच्या एका महिन्यात प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार.

म्हणजे नोटीस मिळाल्यावरच्या पंधरा दिवसांत तुम्ही पैसे दिले तर १३८ चा गुन्हा होतच नाही. कायद्याने दिलेली ही मोकळीक आहे. अख्ख्या प्रकरणात एवढेच पंधरा दिवस तुमच्या हातात असतात, बाकी सगळे दिवस दुसऱ्याच्या हातात. माझे पंधरा दिवस कसे गेले, ते ऐका.

शेठच्या वकिलाने २८ डिसेंबरला नोटीस पाठवली. २ जानेवारीला दुपारी पोस्टमन काका घरी आले. मी आत जेवत होतो. पाकिटावर वकिलाचा शिक्का बघून आई घाबरली. मी आतूनच म्हटलं, "घरी नाही म्हणून सांग." काका इतक्या वर्षांचे ओळखीचे, त्यांना माझी चप्पल दारात दिसत होती. ते म्हणाले, "घेत नसाल तर मला तसं लिहावं लागेल, बाई." आई म्हणाली, लिहा. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला आणि ते परत गेलं. मला वाटलं, सुटलो. नोटीस मिळालीच नाही तर केस कशी होणार?

पुढे वकिलाकडे गेलो तेव्हा तो हसला. योग्य पत्त्यावर टपालाने पाठवलेली नोटीस तुम्ही नाकारली, तर कोर्ट ती मिळाली असंच धरतं. दार न उघडल्याने पंधरा दिवस थांबत नाहीत, ते त्याच दुपारपासून पळायला लागतात. माझे १७ जानेवारीला संपले. ८ फेब्रुवारीला शेठनी तक्रार दाखल केली.

नोटीस घेतली असती तर? बहिणीकडे सोनं गहाण ठेवण्याजोगं होतं, मेहुणा पन्नास हजार द्यायला तयार होता, एका मंडळाकडे बाकी होती. गोळा झाले असते. कागदपत्र डोळ्यासमोर नव्हतं, म्हणून घाईही वाटली नाही.

जाता जाता: १ सप्टेंबर २०२५ पासून डाकखात्याने देशातलं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. त्यामुळे आता नोटीस स्पीड पोस्टाच्या पाकिटातून येईल. वकिलाचं नाव बाहेर दिसलं की पाकीट घ्या, सही करा, आणि पाकिटावरच तारीख लिहून ठेवा.

चेक परत आला त्या दिवशी

बँकेचा एसएमएस येतो. आधी कारण वाचा. 'अपुरी शिल्लक' असेल तर सरळ आहे. पण 'खातं बंद', 'पेमेंट थांबवलं', 'सही जुळत नाही' या कारणांवरही कोर्टांनी १३८ लावलं आहे. देणं खरं असताना मुद्दाम वेगळी सही करून किंवा स्टॉप पेमेंट देऊन कोणी सुटत नाही. आमच्या गल्लीत एकाला त्याच्या मित्राने हा सल्ला दिला होता, तो मित्र आता फोन उचलत नाही. माल खरंच खराब निघाला म्हणून पेमेंट थांबवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो वाद त्याच दिवशी लेखी कळवलेला हवा आणि खात्यात तेवढी रक्कम असलेली दाखवता आली पाहिजे.

मग समोरच्याला स्वतः फोन करा, त्याच्या फोनची वाट पाहू नका. आणि फोननंतर लगेच मेसेज पाठवा, कारण फोनवरचं बोलणं कोर्टात उभं राहत नाही. मेसेज साधा असावा: अमुक नंबरचा चेक परत आला, अमुक तारखेला पैसे खात्यात पाठवतो. तारीख तीच लिहा जी पाळता येईल.

पैसे देताना नगदी देऊ नका. शेठला मी मधे दहा हजार नगदी दिले होते, पावती नाही. पुढे उलटतपासणीत शेठ म्हणाले ते जुन्या बाकीचे होते, आणि खरं सांगायचं तर जुनी बाकी होतीही. एनईएफटी करा, त्यात चेकचा नंबर लिहा. पूर्ण पैसे दिले की मूळ चेक परत मागा. 'नंतर देतो' म्हणाले तर मेसेजवर तेवढं लिहून घ्या.

अर्धे पैसे आधीच दिले असतील, तरी समोरचा पूर्ण रकमेचा चेक लावू शकतो का? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली असेल, तर ती चेकवर नोंदवून उरलेल्याच रकमेसाठी तो लावला पाहिजे. तसं न करता पूर्ण रकमेचा लावला आणि परत गेला, तर १३८ लागत नाही. म्हणून दिलेल्या प्रत्येक हप्त्याचा पुरावा जपा. इथे तुमची बाजू खरंच मजबूत होते.

नोटीस आली की त्यातला आकडा चेकशी ताडून बघा. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच हवी. आकडा चुकला तर टायपिंगची चूक म्हणूनही ती नोटीस वाचत नाही. पण अशा फटीवर भरवसा ठेवून पंधरा दिवस घालवू नका. पैसे देणं असेल तर भरा, नसेल तर वकिलाकडून उत्तर पाठवा. उत्तर न देणं हा गुन्हा नाही, पण नंतर तुम्ही कोर्टात काही नवीन सांगितलं की न्यायाधीश विचारतात, हे तेव्हाच का नाही लिहिलं? माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

नोटीस खरोखरच मिळाली नसेल, म्हणजे पत्ता बदलला वगैरे, तर एक दार उघडं आहे. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम कोर्टात भरा आणि तक्रार फेटाळण्याची विनंती करा. २००७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ही वाट आहे. समन्सनंतरही जो भरत नाही, त्याला 'नोटीस मिळाली नाही' म्हणता येत नाही.

'मला वाटलं होतं पैसे येतील'

माझा सगळा बचाव एवढाच होता. क्लासने मला बुडवलं म्हणून मी शेठला देऊ शकलो नाही, यात माझी काय चूक? वकिलाने कलम १४० काढून दाखवलं. चेक देताना तो परत येईल असं मला वाटलं नव्हतं, हा बचाव चालणारच नाही, असं कायद्यात चक्क लिहिलेलं आहे. त्यात कलम १३९ असं की चेक कुठल्यातरी देण्यापोटीच दिला आहे, असं कोर्ट आधीच धरून चालतं. देणं नव्हतं हे दाखवायचं ओझं सही करणाऱ्यावर.

कोऱ्या चेकवर सही करून देणारे इतवारीत आणि कळमन्याला शेकड्यांनी सापडतील. 'सिक्युरिटीपुरता आहे, लावणार नाही,' असं सांगून घेतात. २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की कोरा चेक स्वेच्छेने सही करून दिला, तर रक्कम दुसऱ्याने भरली तरी सही करणाऱ्याची जबाबदारी धरली जाते. सिक्युरिटीचा चेकसुद्धा, लावला त्या दिवशी तेवढं देणं खरंच असेल तर, १३८ मध्ये येतो. द्यावाच लागला तर रक्कम आणि नाव स्वतः भरा, आणि कशासाठी दिला याचं वेगळं पत्र करून त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. चेकच्या मागच्या बाजूला काही लिहून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

एक गोष्ट घरातली. आमच्याकडे बरीच मंडळी बायकोच्या खात्याचं चेकबुक खिशात ठेवतात, आधीच सह्या करवून. त्या चेकची केस होते ती सही करणारीवर. समन्स तिच्या नावाने येतं, पेशीला तिला उभं राहावं लागतं. जॉइंट खातं असेल तर ज्याने सही केली तोच आरोपी, नुसतं नाव असलेला नाही. कंपनी किंवा भागीदारी असेल तर कंपनी आणि तिचा कारभार बघणारे, दोघेही. मी हे कळल्यावर बायकोचं चेकबुक तिच्या कपाटात ठेवलं, सही नसलेलं.

केस कुठे चालते, आणि चालते म्हणजे काय

'पोलिसात देतो' ही धमकी खूप ऐकाल. १३८ ची तक्रार पोलिस ठाण्यात होत नाही, ती थेट कोर्टात जाते. चेक देतानाच फसवायचा इरादा होता असं कोणी म्हणालं तर फसवणुकीचा वेगळा गुन्हा, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. नुसता चेक परत आला म्हणून तो आपोआप लागत नाही.

गाव कोणतं? २०१५ च्या दुरुस्तीपासून, चेक घेणाऱ्याने तो आपल्या खात्यात लावला असेल तर त्याचं खातं ज्या शाखेत आहे, त्या शाखेच्या भागातल्या कोर्टात केस चालते. माझं नागपुरातच होतं म्हणून बरं. माझ्या मेहुण्याने अमरावतीहून सुरतच्या कापडवाल्याला चेक दिला होता. तो भुसावळवरून गाडी पकडून पेशीला जातो. एका पेशीचे तीन दिवस जातात. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला चेक देताना हा खर्च आधीच धरा.

समन्स आलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. पहिल्या तारखेला मी गेलो नाही. 'पुढच्या वेळी जाऊ' म्हटलं. पंधरा-वीस दिवसांनी ठाण्यातला शिपाई जामीनपात्र वॉरंट घेऊन प्रेसवर आला, आणि नेमका तेव्हाच लग्नपत्रिकेचा एक गिऱ्हाईक समोर बसलेला होता. त्याने पत्रिका दुसरीकडे छापल्या. हा गुन्हा जामीनपात्र आहे, जामीन मिळतोच. पण जामीनदार शोधा, त्याची कागदपत्रं आणा, बाँड भरा, यात एक अख्खा दिवस. पुन्हा चुकलात तर अजामीनपात्र, ज्याला आपल्याकडे पकड वॉरंट म्हणतात. खरंच जाता येत नसेल तर वकिलाला हजेरी माफीचा अर्ज द्यायला सांगा. गप्प बसणं इथेही महाग.

मग 'गुन्हा कबूल आहे का' विचारतात. नाही म्हटलं की १ सप्टेंबर २०१८ पासून आलेलं कलम १४३ अ उघडतं. कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला लावू शकतं, ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवस वाढवून. 'शकतं' हा शब्द लक्षात ठेवा. ही भरपाई दर वेळी द्यायलाच हवी असं नाही, कोर्टाने विचार करून ठरवायचं असतं, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. माझ्यावर पूर्ण २० टक्क्यांचा हुकूम झाला, ३७,२०० रुपये. जानेवारी २०२० मध्ये हुकूम, मार्चच्या सुरुवातीला भरले, आणि मग टाळेबंदी लागली.

कायद्यात लिहिलं आहे की अशी केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा. मी हे वाक्य वकिलाला वाचून दाखवलं तेव्हा तो पोहे खात होता. कस्तुरचंद पार्कजवळचे तर्री पोहे हा माझ्या केसचा एकमेव गोड भाग, तिखट असला तरी. पुकारा व्हायचा बारा-एकला, पण सकाळी साडेदहाला हजर राहावं लागायचं. मे महिन्यात त्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून बघा.

शिक्षा काय होऊ शकते? दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अपील केलंत तर दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला वरचं कोर्ट सांगू शकतं. ही रक्कम अंतरिम भरपाईच्या वेगळी असते. आणि तुरुंगात जाऊन आलात म्हणून शेठचे पैसे फिटत नाहीत. दिवाणी दावा वेगळा चालू शकतो, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

खिशातून किती गेले

माझा हिशेब जसा वहीत आहे तसा देतो. बँकेने परतीचे ३५० अधिक जीएसटी मिळून ४१३ घेतले. शेठच्या बँकेने त्यांच्याकडूनही घेतले, ते त्यांनी समझोत्यात जोडले. वकिलाची फी ३५,००० तुकड्या-तुकड्यांत. समझोता झाला २,१०,००० वर, अंतरिम भरलेले ३७,२०० त्यातच धरून. पेशीच्या एकोणीस दिवसांची अर्धी-अर्धी दुकानदारी गेली, ती वहीत नाही. १,८६,००० चा चेक मला २,४५,४१३ ला पडला.

जे वहीत मांडता येत नाही तेही आहे. माझ्या बँकेतल्या कर्जाची मर्यादा वाढवायची होती. साहेबांनी स्टेटमेंटवर त्या रिटर्नच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि काही बोलले नाहीत. मर्यादा वाढली नाही. चेक परत आला म्हणून सिबिल स्कोअर थेट पडत नाही. पण कर्जाचा हप्ताच चुकला असेल तर ती नोंद जाते. हप्ता चेकने न जाता खात्यातून आपोआप कटत असेल, म्हणजे ईसीएस किंवा नॅच, आणि पैशांअभावी तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट सिस्टीमच्या कायद्यातलं कलम २५ लागतं. शिक्षा तीच, नोटिशीचे दिवसही तसेच. फटफटीच्या हप्त्यावाल्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

कागदाची उधारी नागपुरात मला दोन वर्षं बंद होती. शेठ कोणाला काही बोलले नसतील, पण गांधीबागेच्या बाजारात अशी बातमी चहाबरोबर फिरते.

मी स्वतः काय गमावलं

क्लासचा २,२०,००० चा चेक माझ्याही हातात होता. परत आल्याचं १२ डिसेंबरला कळलं, म्हणजे ११ जानेवारीपर्यंत मी नोटीस पाठवू शकत होतो. मी पाठवली नाही. संचालक दर आठवड्याला म्हणायचा, "पुढच्या बॅचची फी येऊ द्या." ११ जानेवारी गेली तरी मार्ग होता: तीन महिन्यांची मुदत ५ मार्चपर्यंत होती. चेक पुन्हा लावायचा, पुन्हा परत आला की त्या तारखेपासून ३० दिवस पुन्हा मोजायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ पासून हे मान्य केलं आहे. मला हे मेमध्ये कळलं. शेठचा वकील जागा होता, मी झोपलो होतो. पुढे भांडून-तंडून १,४०,००० सुटले, बाकीचे अजून येऊन राहिले आहेत.

तेव्हा कोणाचा चेक परत आला की बँकेचा परतीचा मेमो त्याच दिवशी घ्या. मेमोवरची तारीख कॅलेंडरवर लिहा, तो दिवस सोडून पुढे तीस मोजा, आणि शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. नोटीस मिळाल्याची तारीख टपालाच्या ट्रॅकिंगवरून काढून ठेवा. पंधरा दिवस पुरते संपायच्या आधी तक्रार केली तर ती टिकत नाही, आणि संपल्यावर महिन्याच्या पुढे गेलात तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं.

चेक फाडताना

जुन्या काळची एक सवय सोडा. आज चेक द्यायचा, क्लिअरिंगला दोन दिवस लागतात, तोवर पैसे भरू, या हिशेबावर आम्ही धंदा केला. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभरात स्कॅन होऊन जातात आणि तुमच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यावं लागतं. सकाळी लावलेला चेक संध्याकाळी परत आलेला असतो. ते दोन दिवस आता मिळत नाहीत.

पुढच्या तारखेचा चेक दिला असेल तर ती तारीख मोबाइलवर आदल्या दिवसाच्या गजरासकट टाका. खाडाखोड केलेला चेक देऊ नका, स्कॅनच्या क्लिअरिंगमध्ये तो परत येतो. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. नाव, नंबर, रक्कम आधी बँकेला कळवून ठेवायची. बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

मिटवताना आणि मिटल्यावर

१३८ चा गुन्हा आपसात मिटवता येतो, कुठल्याही टप्प्यावर. लवकर मिटवलं तर स्वस्त. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये दर ठरवून दिले आहेत: बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी चेकची रक्कम भरली तर वर काही नाही, त्यानंतर पण निकालाआधी भरली तर चेकच्या रकमेवर ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात गेल्यावर साडेसात, आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. हे पैसे विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात. वकील ठेवायची ऐपत नसेल तर हेच प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात मोफत वकील देतं. महिलांना तर उत्पन्न न बघता.

आमचं राष्ट्रीय लोकअदालतीत मिटलं. आदल्या रविवारी मी एकटाच शेठच्या दुकानात गेलो, वकिलाशिवाय. बसलो. ते म्हणाले, "तू पाकीट परत पाठवलंस ना, त्याचा राग होता रे. पैशाचं काय, धंद्यात होतं." मी काही बोललो नाही. त्यांनी चहा मागवला आणि व्याज सोडलं.

समझोता झाला की काम संपलं असं समजून मी घरी गेलो. इथे माझी शेवटची चूक. सहा महिन्यांनी पासपोर्टचं नूतनीकरण करायला गेलो, मुलीकडे दुबईला जायचं होतं. पोलिस पडताळणीत नोंद निघाली की माझ्यावर फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे. तसं प्रकरण चालू असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते. माझं तर मिटलेलं होतं, पण जुन्या वॉरंटची नोंद ठाण्यात तशीच पडून होती, आणि हातात निकालाची नक्कल नव्हती. पुन्हा सिव्हिल लाइन्स, पुन्हा अर्ज, नक्कल मिळायला अकरा दिवस.

म्हणून ज्या दिवशी मिटेल त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज करा. दोन प्रती घ्या. एक ठाण्यात नेऊन वॉरंट रद्द झाल्याची नोंद करून घ्या आणि पोच मागा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपला केस नंबर टाकून 'निकाली' दिसतं का बघा. मूळ चेक कोर्टाच्या फाइलमध्ये असतो, तो तक्रारदाराच्या संमतीने परत मागता येतो. मी मागितला. आईच्या लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली, तो आणि 'घेण्यास नकार' लिहिलेल्या पाकिटाची झेरॉक्स एकाच प्लास्टिकमध्ये आहेत.